अंजनाच्या माहेरकडचा पाव्हणा

लोणी, ता. आंबेगाव
१४ जून १९९९

अमृत,

वर आशीर्वाद लिहावा की नाही, यात दोन कागद फाडले. लिहिला तर तुला वाटणार, दादा काही घडलंच नाही असं दाखवतोय. न लिहावा तर आई म्हणणार, रीत विसरलास का. म्हणून नुसतं नाव लिहून मोकळा झालो.

पहिल्यांदा एक सांगून टाकतो. हे पत्र माफीबिफी मागायला लिहिलेलं नाही. पोरींचे शाळेचे दाखले सोबत पाठवतोय, त्यासाठी आहे. प्राचीचा चौथी पासचा आणि हर्षालीचा पहिलीचा. गुरुजी अडून बसले होते, "बापाची सही पायजे." मी म्हणालो, "चुलता म्हंजी कोन, रस्त्यावरचा मानूस व्हय?" सही ठोकली आणि घेऊन आलो. आता जुन्नरच्या शाळेत कुणी अडवणार नाही. प्राचीचं अक्षर चांगलं आहे असं गुरुजी दोनदा म्हणाले. ते तिला सांग.

घरचं ठीक आहे. आईचा गुडघा तसाच आहे. विहिरीवरची मोटार तू गेल्यापासून दोनदा जळाली. मंचरला वायंडिंग भरून आणली, आठ दिवसांत पुन्हा धूर. तू जुन्नरला मोटारी भरायच्या दुकानात लागलास असं कळलं. जगाच्या मोटारी भरतोस आणि घरची जळते आहे, हे काही बरं दिसत नाही. असो, तुझी मर्जी.

यात्रेचं म्हणशील, तर मला ठाऊक असतं तर मी तुला त्या दिवशी घोडीवर बसू दिलं असतं का? तू आठ दिवसांपूर्वी नसबंदीचं ऑपरेशन करून आलास आणि सख्ख्या भावाला एका शब्दानं बोलला नाहीस. बैलगाडा शर्यतीच्या घाटात चार हजार माणूस जमलेलं, आपली बारी पुकारलेली, चारही बैल गाड्याला जुंपलेले, आणि तू मला बाजूला घेऊन म्हणतोस, "दादा, आज घोडीवर दुसरं कोन तरी बसव." बारा वर्षं आपल्या गाड्यापुढे घोडी तूच पळवलीस. पुढे तुझी पाठ दिसली की मगच आपले बैल उधळतात, हे तालुक्याला माहीत आहे. ऐनवेळी मी दुसरा कोण आणणार होतो? मग मी जे म्हणालो ते म्हणालो. ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल.

बारी पहिल्या नंबरात आली. बक्षिसाची ढाल फडताळावर ठेवली आहे.

संध्याकाळी तुला ताप भरला, ऑपरेशनचं बाहेर फुटलं आणि घरी जे झालं त्यात सगळेच बोलले. मी एकटाच बोललो असं नाही.

मोटारीचं वायंडिंग कितीची तार घालून करायचं तेवढं कळव. पोस्टकार्ड पुरेल.

कुंडलिक


लोणी
११ ऑगस्ट १९९९

अमृत,

तारेचा नंबर मिळाला. कार्डावर त्या नंबराशिवाय एक अक्षर नव्हतं. मी कार्ड उलटं करूनही पाहिलं. मोटार मात्र त्यानंतर जळली नाही.

अंजनाला मंचरच्या दवाखान्यातून घरी आणलं आहे. आता उठून बसते, चहा स्वतः करून घेते. रंग अजून पांढराफटक आहे. तिसऱ्या महिन्यात पोट गेलं आणि रक्त थांबेचना, हे भागूनं तुला सांगितलंच असेल. छत्तीस वर्षांच्या बाईला पुन्हा दिवस जातील हे माझ्या डोक्यातही नव्हतं. पोरगा आदेश दहावीला बसायला आला, आता काय पोरं व्हायची, असं समजून मी निवांत होतो.

तुझ्या बायकोबद्दल लिहितो, कारण तोंडावर सांगायला जीभ वळली नाही. मी तुम्हाला कळवलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी भागू भाकरीचं फडकं घेऊन दवाखान्याच्या दारात हजर. दोन दिवस अंजनाची सगळी उस्तवार तिनं केली. मला "भावजी, जेवून घ्या," याच्यापलीकडे एक शब्द बोलली नाही. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून तिनं आणलेली भाकरी खाल्ली.

आणि रक्ताचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गटाचं रक्त पुण्याहून आणावं लागेल आणि बदली रक्त देणारा माणूस लागेल. मी हातपाय गाळून बसलो. दुपारी तीनला पेटीतून दोन पिशव्या आल्या. मला वाटलं, दवाखान्यानं मागवल्या. डिस्चार्जच्या दिवशी तिथल्या मुलीनं सांगितलं, "तुमचे भाऊ सकाळी पाचला निघून मोटारसायकलवर पुण्याला गेले होते, स्वतःचं रक्त देऊन पिशव्या घेऊन आले आणि दारातूनच परत गेले." दारातूनच. आत मी बसलो होतो म्हणून, हे मला समजतं, मी काही दगड नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, परत दिवस गेले तर ही बाई हाताला लागणार नाही, आणि अंगात रक्त नाही म्हणून तिचं ऑपरेशन इतक्यात करता येणार नाही. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही का नाही करून घेत? पुरुषाचं पंधरा मिनिटांचं काम आहे." मी म्हणालो, विचार करतो. त्या म्हणाल्या, "सगळे हेच म्हणतात."

भागू तेव्हा तिथेच उभी होती. बाहेर आल्यावर मी तिला पहिल्यांदाच विचारलं, अमृतनं का केलं ते. म्हणाली, "हर्षालीच्या टायमाला मी दोन दिस सुदीवर नव्हते. तवापासून आत्याबाई नातवासाठी मागं लागल्या व्हत्या. सिस्टरबाई म्हणल्या, तुजं आपरेशन करू. तर हे म्हणलं, तिच्या पोटावं दोनदा टाकं पडल्यात, आता माजी पाळी." एवढं सांगून ती पाण्याची कळशी भरायला गेली.

घरात तू हे कधी बोलला नाहीस. बोलला असतास तरी मी ऐकलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर काही चांगलं आलं नाही.

तुला आणखी एक विचारायचं होतं. राहू दे.

कुंडलिक


लोणी
२६ ऑक्टोबर १९९९

अमृत,

हे पत्र वाचून लगेच जाळ किंवा फाड. दुकानात उघड्यावर ठेवू नकोस.

अंजनाच्या माहेरकडचा एक पाव्हणा आहे. तू त्याला ओळखत नाहीस. त्याच्या बायकोची तब्येत नाजूक आहे म्हणून त्यानं नसबंदी करून घेतली. पितृपंधरवड्यात केली. त्या दिवसांत शुभ काम कुणी करत नाही, तेव्हा शिबिराला ओळखीचं माणूस भेटणार नाही, असा त्यानं हिशेब केला. शिबिरही असं लांबचं निवडलं की दोन यष्ट्या बदलून जावं लागलं. ओळखीचं खरंच कुणी नव्हतं. तो आणि एक रिक्षावाला, दोघेच होते. डॉक्टर बिचारे पेपर वाचत बसले होते.

काम पंधरा मिनिटांत झालं. पाव्हणा म्हणतो, सुई टोचली तेवढंच कळलं. त्याच्या मनात भलतंच होतं. आपण लहानपणापासून खोंड ठेचताना पाहिलेत. चिमटा लावतात, जनावर हंबरतं, आणि नंतर ते नांगराचा बैल होतं. माणसाचंही असंच काहीतरी असणार, अशी पाव्हण्याची समजूत. तर तसं काही नाही. नुसती नळी कापून बांधतात, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. घरी आल्यावर आपल्यात काही फरक पडला का, म्हणून तो आठ दिवस आरशात मिशा बघत होता. फरक काही पडला नाही. राग पूर्वीइतकाच येतो, हे तर बायकोनंही मान्य केलं असतं, पण तिला त्यानं सांगितलेलंच नाही.

आता अडचण अशी. पंधरा दिवस लंगोट बांधा, ओझं उचलू नका, सायकल नको, असं बजावून सांगितलं होतं. पाव्हण्यानं लंगोट बांधला, पण कामाला हात लावला नाही तर लोक विचारतील, म्हणून पाचव्या दिवशी बटाट्याच्या गोण्या ट्रॅक्टरमध्ये चढवल्या. चारच चढवल्या. आता चार आठवडे झाले आणि डाव्या बाजूला, जिथे कापलं तिथे वर, एक गाठ लागते. वाटाण्याएवढी. हात लावला की कळ थेट कमरेत जाते. खाली बसून उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मागल्या आठवड्यात तर तीन दिवस सगळं सुजून लाल झालं होतं, मग सूज उतरली, पण गाठ आहे तिथेच आहे.

पाव्हण्याच्या तोंडचं पाणी पळालंय. त्याला वाटतं कॅन्सर. त्याच्या मामाला गळ्यात गाठ आली होती, तो सहा महिन्यांत गेला. डॉक्टरकडे जायचं तर आपल्या भागात कंपाउंडरपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळे सोयरे. संध्याकाळपर्यंत पारावर बातमी. आणि पाव्हण्याची पंचाईत अशी की त्यानं पूर्वी अशाच एका माणसाला फार नावं ठेवली होती. चार लोकांत, जेवणाच्या पंगतीत. खच्ची बैल म्हणाला होता, आणखीही एक शब्द वापरला होता. तो माणूस तेव्हा तापानं फणफणला होता, भिंतीला धरून उभा होता आणि ऐकून घेत होता. पाव्हण्याला आता तो माणूस सारखा आठवतो. विशेषतः खाली बसून उठताना.

तर त्याचा निरोप असा की तुझ्या भावाला विचारून बघ, त्याला असं काही झालं होतं का. यात्रेनंतर तुला सूज आली होती, ती पेरूएवढी होती असं अंजना म्हणाली होती. नंतर गाठ राहिली का? गेली का? किती दिवसांनी? रागावला असशील तरी एवढं कळव. पाव्हणा माणूस वाईट नाही, तोंडाचा फटकळ आहे.

दिवाळीत पोरींना फटाके आणू नकोस, हर्षाली घाबरते.

कुंडलिक


जुन्नर
१० नोव्हेंबर १९९९

दादा,

पत्र फाडलं. उत्तराला उशीर झाला, रब्बीच्या तोंडावर दुकानात मोटारींचा ढीग आहे.

पाव्हण्याला सांग, घाबरायचं काही नाही. मला अशीच गाठ आली होती. हरभऱ्याएवढी अजून आहे, पण दुखत नाही. पहिले दोन महिने फार दुखली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की शंभरात दोन-चार जणांना असं होतं, आणि ओझं उचललं किंवा हादरे बसले की वाढतं. सुजेच्या गोळ्या दिल्या, लंगोट महिनाभर सोडू नको म्हणाले. कॅन्सरचा काही संबंध नाही. तरी पाव्हण्यानं एकदा दाखवून घ्यावं. ताप आला किंवा लाली परत आली तर दिवस घालवू नये. आणि तीन महिन्यांनी तपासणी करायची असते, तोवर काळजी घ्यायची, हे शिबिरात सांगितलं असेलच, पण पाव्हणा ऐकून घेणारा दिसत नाही.

त्याला एकट्यानं जायला लाज वाटत असेल तर मी बरोबर येतो. सोमवारी दुकान बंद असतं. सकाळी नऊ वाजता घोडेगावच्या स्टँडवर थांबायला सांग. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेतो. तिथे नवीन डॉक्टर आलेत, चांगले आहेत. काळजी करू नको म्हणावं, कुणाला कळणार नाही याची व्यवस्था करतो.

वहिनींचं रक्त परत तपासलं का? बीट, खजूर चालू ठेव. आईला नमस्कार.

अमृत

ता. क. पाव्हण्याला म्हणावं, यष्टीत मागच्या सीटवर बसू नको.


लोणी
१७ नोव्हेंबर १९९९

अमृत,

परवा तू मला घोडेगावच्या स्टँडवर सोडलंस, गाडीला किक मारलीस आणि गेलास. दिवसभर बरोबर होतो आणि आपण दोघं मिळून वीस वाक्यं बोललो नसू. म्हणून हे लिहायला बसलो.

स्टँडवर मी एकटाच उभा होतो. तू गाडी थांबवलीस, इकडेतिकडे बघितलं नाहीस, "पाव्हणा कुठाय?" असंही विचारलं नाहीस. नुसतं म्हणालास, "बस दादा. एका अंगावं बस, बायकांवानी. हादरं कमी बसत्यात." मी मुकाट्यानं बसलो. घोडेगावच्या बाजारातून धाकट्या भावाच्या मागे एका अंगावर बसून गेलो. आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हे मी तुला आजवर सांगितलेल्या गोष्टींतली सगळ्यात खरी गोष्ट आहे.

केस पेपरच्या खिडकीवर तू मला पुढे होऊच दिलं नाहीस. आतल्या बाईंनी नाव विचारलं आणि तू न अडखळता सांगितलंस, "अमृत जानकू पोखरकर, वय बत्तीस, नसबंदीच्या जागी गाठ." मोठ्यानं सांगितलंस. मागे रांगेत आठ-दहा माणसं होती. मला तेव्हा कळलं, तू पत्रात लिहिलेली व्यवस्था ती ही. तुझं नाव एकदा खराब झालेलंच आहे, आणखी काय व्हायचंय, असा तुझा विचार. मी तुझ्या मागे उभा होतो आणि मला हायसं वाटलं. होय, हायसं वाटलं. लपवून काय करू?

मग ॲम्ब्युलन्स यायची म्हणून वॉचमननं गाडी काढायला सांगितली आणि तू बाहेर गेलास. तू परत आलास तेव्हा बाकावरचे सगळे गप्प होते, एका म्हाताऱ्यानं सरकून तुला जागा दिली, आणि आतून हाक आली ती माझ्या नावाची. तू मला विचारलंस, "नाव कसं बदललं?" मी म्हणालो, "लिवनाऱ्याची चूक झाली आसंल." ते खोटं होतं. त्या पाच मिनिटांत काय झालं ते आता ऐक.

बाकावर आपल्या गावचा भगवंत बसला होता. सासऱ्याला घेऊन आला होता. तू पाठमोरा होतास म्हणून त्यानं तुझं तोंड पाहिलं नव्हतं, पण नाव ऐकलं होतं. मला बघून म्हणाला, "काय कुंडलिकभाऊ, अमृतचं अजून निस्तारलं न्हाई व्हय? ठेचल्याला बैल नांगराला बरा राव, घोडीवं कशाला बसवायचा!" बाक हसला. भगवंताचा सासराही खोकत खोकत हसला.

आणि अमृत, मीही हसलो. अर्धं हसलो. ती सवय आहे. चार माणसं हसायला लागली की आपणही हसायचं, म्हणजे आपल्यावर येत नाही. यात्रेच्या संध्याकाळी पंगतीत मी तेच केलं होतं. भगवंतानंच आधी काहीतरी टोमणा मारला होता आणि मी त्याच्यावर ताण करायला तोंड उघडलं होतं. तू दाराशी भिंत धरून उभा, भागू तुझ्या कमरेला हात देऊन, आणि मी सगळ्या पाव्हण्यारावळ्यांपुढे म्हणालो, घोडी मर्दानं पळवायची असते, नामर्दानं आजपासून तिला हात लावायचा नाही. शब्द असेच होते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की सगळेच बोलले. सगळे नाही बोलले. तो शब्द मी एकट्यानं काढला.

त्या बाकावर माझं हसू अर्ध्यात अडकलं, कारण हसताना कळ आली. खरंच आली. मला घाम फुटला आणि एकदम डोळ्यांपुढे तू दिसलास, घोडीवर. जिनाशिवाय, नुसत्या घोंगडीवर. मला मोटारसायकलच्या गादीवर एका अंगावर बसून जे सोसत नव्हतं, ते तू आठव्या दिवशी, मागून चार बैल अंगावर येत असताना, भर घाटात सोसलंस. खाली उतरलास तेव्हा तुझा चेहरा चुन्यासारखा होता आणि मी ढाल घ्यायला धावत होतो. तू आपल्या बैलांची लाज राखलीस आणि मी तुझी काढली.

मी उभा राहिलो. म्हणालो, "भगवंता, कागदावं नाव चुकल्यालं हाय. दुखनं माजं हाय. मीबी आपरेशन करून घेतलंय, यकोणतीस सप्टेंबरला. आता हास." कुणी हसलं नाही. भगवंत माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं होतं एवढं बोलून बसू, पण सुरुवात झाल्यावर थांबवेना. "आन ज्याला तू ठेचल्याला बैल म्हनतूस, त्यानं आठव्या दिशी घोडी पळवून बारी मारून दिली. मी पाचव्या दिशी चार गोन्या उचलल्या तर म्हयनाभर रडतूय. ह्या दोगांत मर्द कोन, ते तूच सांग."

पलीकडे एक आजीबाई नातीला घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बायका वर्सानुवर्सं करत्यात तवा कुनी इचारत न्हाई. बाप्यानं केलं की लगी हसाया गोळा व्हत्यात." मग मी खिडकीवर गेलो आणि बाईंना म्हणालो, "तेवडं नाव खोडा. कुंडलिक जानकू पोखरकर लिवा. वय बेचाळीस." बाई म्हणाल्या, "आधी नीट सांगायचं ना काका, कागद वाया जातो." आणि नवा कागद न घेता त्याच्यावरच खाडाखोड केली. तो कागद माझ्याकडे आहे. तुझ्या नावावर एकच रेघ आहे, खालचं नाव नीट वाचता येतं.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. डॉक्टर पोरसवदा आहेत, पण बोट हलकं आहे. नळी कापतात तिथून थोडं बीज बाहेर झिरपतं, शरीराला ते परकं वाटतं म्हणून ते त्याच्याभोवती गाठ धरतं, तीच दुखते आणि हळूहळू जिरते, असं त्यांनी मला पोराला समजवावं तसं समजावलं. दीड महिना माझ्या छातीवर धोंडा होता, तो त्यांनी दोन मिनिटांत उतरवला. मग तू म्हणालास, "मलाबी आली व्हती सर," आणि त्यांनी विचारलं, तुम्ही काय उचललं होतं. तू म्हणालास, "उचललं न्हाई. घोडी पळवली." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तुझ्याकडे नुसतं बघत राहिले. मी त्या खोलीत तुझ्याकडे बघत होतो ते तसंच. फरक एवढाच, की ते पहिल्याच भेटीत बघू शकले आणि मला बत्तीस वर्षं लागली.

घरी आल्यावर अंजनाला सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा रागावेल. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मला म्हयती हाय. लंगोट वाळत घालायचा तर घराच्या मागं बाभळीवं घालू ने. समद्या वस्तीला दिसतुया." म्हणजे महिनाभर हिला सगळं ठाऊक आणि मी घरात चोरासारखा वावरत होतो. मग तिनं ताट बाजूला सारलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. लग्नाला सतरा वर्षं झाली, दिवसाउजेडी अंगणात तिनं असं कधी केलं नव्हतं.

आईला भगवंताच्या बायकोनं माझ्याआधीच सांगितलं होतं. कुशाबाईच्या दोन्ही लेकांनी केलं, अशी हाळी साऱ्या आळीत. आई दिवसभर अबोला धरून बसली. आदेशनं ताट नेलं ते परत पाठवलं. दिवे लागायच्या वेळेला तिनं मला हाक मारली. म्हणाली, "दोगांनीबी मला इचारलं न्हाई." मी म्हणालो, नाही विचारलं. ती म्हणाली, "इचारलं आसतं तर मी करू दिलं नसतं." मी म्हणालो, ते माहीत होतं म्हणूनच नाही विचारलं. ती गुडघा चोळायला लागली. मग म्हणाली, "पोरींला कदी आनतूस?"

मी म्हणालो, आणणारा मी कोण. आधी मला त्याला विचारावं लागेल.

म्हणून विचारतो. अमृत, मी तुला जे म्हणालो ते चुकीचं होतं, आणि तू ते ऐकून घेतलंस तेव्हाही माझ्यापेक्षा मोठाच होतास. मला माफ कर. तू घरी यावंस असं मला फार वाटतं. तुझं जुन्नरला बस्तान बसलं आहे, पोरी शाळेत रमल्या आहेत, तेव्हा कायमचे या असं म्हणत नाही. यायचं-जायचं सुरू व्हावं एवढंच मागतो. तू नाही म्हणालास तर तो तुझा हक्क आहे, मी चकार शब्द काढणार नाही.

पण हे पत्रात मागून भागायचं नाही. चार लोकांत बोललो होतो, तेव्हा निदान भागूच्या आणि पोरींच्या समोर तरी बोलायला हवं. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. नारायणगावपासून पुढचा रस्ता तुला माहीत आहे आणि डॉक्टरांनी हादरे नको म्हटलंय, म्हणून जुन्नरपर्यंत उभा राहून येईन. तू स्टँडवर आला नाहीस तरी हरकत नाही, विचारत विचारत घर काढीन.

दादा